माती ओली, तरी झाड सुकलेले: डबे, बरण्या आणि किटल्यांतल्या बागेचा पावसाळी बिघाड

पाऊस लागून दोन-तीन आठवडे झाले की आमच्या सोसायटीतून माझ्याकडे एकच तक्रार येऊ लागते. पाणी भरपूर आहे, ऊनही फार नाही, मग झाड मान टाकते कशाने? ही तक्रार नर्सरीतून आणलेल्या साध्या कुंड्यांबद्दल क्वचितच असते. तेलाचा पंधरा किलोचा डबा, रंगाची रिकामी बादली, लोणच्याची बरणी, गळकी किटली, जुने बेसिन, मासळीचा थर्माकोलचा खोका अशा भांड्यांत हौसेने लावलेल्या झाडांबद्दल ती बहुतेक वेळा असते. पुण्यात राहून गेली बारा-तेरा वर्षे मी हा बिघाड दर आषाढात दुरुस्त करत आलो आहे, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षे तो माझ्याच गच्चीवर झालेला आहे.

लक्षणे

खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात आणि हात लावताच गळतात. गळलेले पान मऊ असते. पाण्यावाचून वाळलेल्या पानासारखे कुरकुरीत नसते. झाड दुपारी मान टाकते आणि रात्रभरातही सावरत नाही. तहानलेले झाड पाणी दिल्यावर तासा-दोन तासांत उभे राहते, या झाडाला मात्र पाणी दिले तर दुसऱ्या दिवशी ते आणखी वाकलेले दिसते. मातीच्या वरच्या थरावर हिरवट शेवाळ धरते, भांड्याला धक्का लागला की बारीक काळी चिलटे उडतात, आणि माती थोडी उकरली तर गटारासारखा किंवा नासक्या अंड्यासारखा वास येतो. यांतली तीन लक्षणे एकत्र दिसली तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

दोन दुखणी याच्यासारखी दिसतात, ती आधी वेगळी काढावीत. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके आणि चिकटपणा असेल, तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी कीड आहे. केवळ कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. मात्र लोह मातीत असूनही गुदमरलेल्या मुळांना ते उचलता येत नाही, असेही पुष्कळदा होते. म्हणून लोहाची पुडी आणण्यापूर्वी खालच्या तपासण्या कराव्यात.

असे का होते

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की हवेला जागा उरत नाही, आणि पाण्यातून प्राणवायू मुळांपर्यंत पोचण्याचा वेग हवेतल्या वेगापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. प्राणवायू नसला की मुळांचे पाणी शोषण्याचे काम थांबते. त्यामुळे झाड पाण्यात उभे असूनही तहानेने मरते. त्यानंतर पिथियम किंवा फायटोफ्थोरा यांसारखे ओलाव्यात वाढणारे रोगजंतू मुळे कुजवायला येतात. ते मागाहून आलेले असतात, हे लक्षात न घेता आपण बुरशीनाशक आणायला धावतो.

साध्या कुंडीत हे कमी आणि हौशी भांड्यात जास्त का होते, हे समजण्यासाठी भांडी घासायचा जाड, आयताकृती स्पंज घ्यावा. तो पाण्यात पूर्ण बुडवून तळहातावर आडवा धरावा आणि ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहावी. आता त्याला न दाबता लांब बाजूवर उभा करावा. थांबलेले ठिबकणे पुन्हा सुरू होते. स्पंज तोच आणि त्याची छिद्रेही तीच, तरी केवळ उंची वाढल्यामुळे पाणी सुटले. मातीचेही असेच असते. भोक कितीही मोठे असले तरी निचरा झाल्यावर तळाशी एक थर पाण्याने गच्च भरलेला राहतोच, आणि त्याची जाडी भांड्याच्या उंचीवर नव्हे, तर मातीच्या पोतावर अवलंबून असते. समजा तुमच्या मातीत हा थर पाच सेंटिमीटरचा आहे. तीस सेंटिमीटर उंचीच्या डब्यात मुळांना पंचवीस सेंटिमीटर मोकळी जागा उरते. दहा सेंटिमीटरच्या केकच्या साच्यात किंवा बसक्या किटलीत निम्मे घर पाण्याखाली असते, आणि पावसाळ्यात ते पाणी वाळण्याची उसंतच मिळत नाही.

तपासण्या: फुकटच्या आधी, मेहनतीच्या नंतर

सर्वप्रथम पाणी आणि खत दोन्ही बंद करावे. झाड मलूल दिसले की गांडूळखत किंवा शेणखताचे पाणी घालण्याचा मोह जवळजवळ सगळ्यांना होतो. पण जी मुळे पाणी उचलू शकत नाहीत ती खतही उचलत नाहीत, उलट ताज्या सेंद्रिय खताच्या कुजण्यात उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो. माझ्या पाहण्यात पावसाळ्यात पाण्याने जितकी झाडे गेली, तितकीच या प्रेमाने गेली आहेत.

नंतर खराट्याची एक कोरडी काडी भांड्याच्या कडेने थेट तळापर्यंत खुपसावी, दहा मिनिटांनी बाहेर काढावी आणि ती कुठपर्यंत ओली झाली आहे ते पाहावे. बोटाने केलेली तपासणी केवळ वरच्या दोन इंचांचे सांगते, आणि हा बिघाड वरून कधीच दिसत नाही. वर भुसभुशीत माती आणि खाली चिखल अशी स्थिती मी कितीदा तरी पाहिली आहे. काडीचे खालचे टोक काळे, चिकट आणि वास मारणारे निघाले तर निदान पक्के झाले. ती संपूर्ण कोरडी निघाली तर तुमचा प्रश्न उलटा आहे: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण वाळले की पाणी झटकून टाकते, माती भिंतीपासून सुटते आणि वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली पळते. पावसाळ्यातही छज्जाखाली ठेवलेल्या डब्यांत असे होते. अशा वेळी अख्खे भांडे पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवावे, म्हणजे काम झाले.

यानंतर बाहेरचे भांडे पाहावे. पितळेचे घंगाळ, वेताची टोपली, बरणी अशा शोभेच्या भांड्यात आत प्लास्टिकची कुंडी ठेवलेली असते, आणि दोन्हींच्या मधे साठलेले पाणी कोणाच्याही लक्षात येत नाही. कुंडी उचलून पाहायला अर्धे मिनिट लागते. मी तपासलेल्या भांड्यांपैकी कितीतरींचा रोग इथेच सापडला आहे आणि औषधाला एक पैसाही लागलेला नाही. कुंडीखालच्या बशांचेही तेच आहे: जून ते सप्टेंबर बशा काढूनच ठेवाव्यात. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उडू लागते, त्यामुळे हे पाणी झाडाआधी घरातल्या माणसांना नडते.

भोक असूनही निचरा होत नसेल तर भांडे जमिनीला चिकटून बसले आहे का, ते पाहावे. गुळगुळीत फरशीवर सपाट तळाचा डबा ठेवला की भोक झाकणासारखे बंद होते. विटेचे किंवा फरशीचे तीन तुकडे खाली सरकवून भांडे बोटभर उचलावे. चारऐवजी तीन तुकडे अशासाठी, की तीन टेकूंवर भांडे डुगडुगत नाही. उचलल्याबरोबर काळपट पाण्याची धार लागली तर ती थांबेपर्यंत तसेच राहू द्यावे आणि चार दिवस वाट पाहावी, बहुतेक वेळा पुढे काहीच करावे लागत नाही.

धार लागली नाही, तर भोक आतून बुजले असणार. स्क्रूड्रायव्हर खालून घालून हलक्या हाताने फिरवावा. गाळ असेल तर तो सुटतो, मुळांचा गोळा असेल तर हाताला रबरासारखा लागतो. मग लिटरभर पाणी वरून ओतून घड्याळ लावावे. दहा-पंधरा लिटरच्या भांड्यात वरचे पाणी मिनिटभरात जिरले आणि खालून ठिबकू लागले, तर निचरा ठीक आहे असे मी मानतो. पाच मिनिटांनीही वर तळे दिसत असेल तर भोके वाढवावी लागतील, किंवा माती बदलावी लागेल.

भोके पाडताना

बोटाच्या टोकाएवढी, म्हणजे आठ ते दहा मिलिमीटरची, पाच-सहा भोके पंधरा लिटरच्या भांड्याला पुरतात. त्यांची संख्या महत्त्वाची आहे, पण जागा त्याहून महत्त्वाची आहे. पत्र्याचा डबा मातीने भरला की त्याचा तळ मधोमध झोळतो, म्हणून एक भोक नेमके तिथे हवे. उरलेली भोके तळाऐवजी भिंतीत, तळापासून एक सेंटिमीटर उंचीवर पाडावीत, म्हणजे डबा जमिनीवर टेकला तरी ती उघडी राहतात. पत्र्याला खिळा ठोकताना तो आतून बाहेर ठोकावा. बाहेरून आत ठोकला तर पत्र्याची कड आत वळते आणि भोकाभोवती बंधारा तयार होतो, तितके पाणी कायमचे अडते. बाहेर आलेली धारदार कड मात्र हातोडीने चेपून टाकावी, लहान मुलांचे हात तिथे जातात.

रंगाच्या बादलीच्या तळाला बहुधा उंचवटे असतात आणि पाणी त्यांच्यामधल्या खोलगट भागात साठते, त्यामुळे भोक उंचवट्यावर पाडले तर त्याचा उपयोग नाही. प्लास्टिकला तापवलेली सळई लावण्यापेक्षा ड्रिल वापरावे. सळईच वापरायची असेल तर उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ करून वापरावी. थर्माकोलच्या खोक्याला पेन्सिलही पुरते. आंब्याच्या लाकडी पेटीला भोके पाडावीच लागत नाहीत, फटीच इतक्या असतात. ती दोन पावसाळ्यांत कुजते, पण तोवर तिच्यातली झाडे सगळ्यांत निरोगी असतात.

चिनीमातीला टाइलसाठी मिळणारे भाल्यासारख्या टोकाचे बिट लागते. भांडे ओल्या, घडी घातलेल्या टॉवेलवर पालथे ठेवावे, खुणेच्या जागी चिकटपट्टी लावावी, ड्रिलचा ठोके देणारा मोड बंद करावा आणि थेंब थेंब पाणी सोडत, अजिबात जोर न लावता दहा-पंधरा मिनिटे काम करावे. डोळ्यांवर चष्मा असावाच. काचेच्या भांड्याच्या वाटेला जाऊ नये.

तांब्याच्या आणि पितळेच्या भांड्यांना भोक पाडणे सोपे आहे, तरी त्यांत थेट माती भरू नये असे माझे ठाम मत आहे. तांब्याचे क्षार मुळांच्या टोकांची वाढ रोखतात; रोपवाटिकांत मुळे कुंडीत गोल फिरू नयेत म्हणून आतून तांबेयुक्त लेप देतात, तो याच गुणामुळे. घंगाळात आत प्लास्टिकची कुंडी ठेवावी आणि ती विटेच्या तुकड्यावर उचललेली असावी.

तळाशी खडी घातली असेल तर

कुंडीच्या तळाशी खापरांचा किंवा खडीचा जाड थर द्यावा म्हणजे निचरा होतो, असे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे, आणि इथे मला मोठ्यांच्या विरुद्ध बोलावे लागते. पाणी बारीक पोकळ्यांच्या मातीतून मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती गच्च भरेपर्यंत ते तिथेच अडून राहते. म्हणजे तो पाच सेंटिमीटरचा ओला थर नाहीसा होत नाही, खडीच्या वर चढून बसतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. उंच बरणीत तीन-चार इंच खडी घातलेली असेल, तर ती काढून टाकणे हाच उपचार आहे.

झाड बाहेर काढून पाहणे

इथपर्यंतचे उपाय करून आठवडा झाला आणि झाड सावरले नाही, तरच मुळांना हात लावावा. पावसाची उघडीप पाहून संध्याकाळी हे काम करावे.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीत मोगरा लावला होता. बरणीला भोक पाडायला त्यांचा जीव धजत नव्हता, आणि "अहो, मी तर वाटीनेच पाणी घालते" हे त्यांचे म्हणणे खरेही होते; पण गॅलरीत तिरका येणारा पाऊस वाटी मोजत नाही. बरणी आडवी करून मोगरा ओढला तेव्हा माती लापशीसारखी निघाली. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढले, तर त्याची तपकिरी साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आत दोऱ्याएवढी पांढुरकी तार उरली. कुजलेल्या मुळाची याहून स्पष्ट खूण मला माहीत नाही. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट पिवळसर असते, ताणले तर कट्‌कन तुटते आणि त्याला ताज्या मातीचा वास असतो.

अशी कुजलेली मुळे स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत कापावीत, आणि जितकी मुळे गेली तितक्याच प्रमाणात वरचा पाला छाटावा, कारण उरलेल्या मुळांना तेवढ्याच पानांना पाणी पुरवणे झेपते. नवी माती कोरडसर आणि भरड असावी. मी एक भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले खत आणि एक भाग विटांचे चाळून घेतलेले, वाटाण्याएवढे तुकडे घेतो. चाळणीखाली पडलेली भुकटी घालू नये, ती पोकळ्या बुजवते. कोकणात भाताचे तूस सहज मिळते, तेही चालते. काळ्या मातीत बारीक वाळू मिसळण्याचा सल्ला ऐकू नये, त्याची वाळल्यावर वीट होते. निव्वळ कोकोपीट आणि गांडूळखत यांचे मिश्रण उन्हाळ्यात उत्तम, पण कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवत असल्यामुळे पावसाळ्यात तेच अंगाशी येते. ट्रायकोडर्मा (मुळे कुजवणाऱ्या रोगजंतूंना रोखणारी उपयोगी बुरशी) घालायचा असेल तर याच वेळी, मातीत मिसळून घालावा. चिखलावर शिंपडून फारसा उपयोग होत नाही. झाड आठ-दहा दिवस पावसाच्या आडोशाला, उजेडाच्या सावलीत ठेवावे आणि नवी पालवी फुटेपर्यंत खत देऊ नये.

काकूंचा मोगरा वाचला. बरणीत आता आठ इंची प्लास्टिकची कुंडी बसते, आणि मृग लागला की कुंडी कठड्यावर व बरणी स्वयंपाकघरात जाते.

भांडे बदलता येत नसेल, तर झाड बदलावे. बसके, कमी निचऱ्याचे भांडे अळू, कर्दळ, ब्राह्मी, पुदिना यांना मानवते. जुन्या बेसिनमध्ये मी तीन वर्षे गुलाबाशी झगडलो. शेवटी त्यात अळू लावले, आणि आता वड्यांसाठी पाने मागायला शेजारी येतात. कोरफड, शेवंती, सदाफुली, गुलाब आणि तुळस यांना मात्र उंच भांडेच द्यावे.

ऋतू बदलला की तपासणीही बदलते

हे सगळे मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी केले तर निम्म्या खेपा वाचतात: भोके मोकळी करावीत, बशा काढाव्यात, विटा सरकवाव्यात. ऑक्टोबरच्या उन्हात उलटी काळजी सुरू होते, कारण पावसाळ्यात मुळे गमावलेले झाड त्या उन्हात पहिल्या झटक्याला कोलमडते. त्याला सकाळचेच ऊन द्यावे. चैत्र-वैशाखात पश्चिमेच्या उन्हात पत्र्याचा डबा हात लावू नये इतका तापतो आणि भिंतीलगतची मुळे भाजतात. डब्याला बाहेरून चुना लावावा किंवा ओले गोणपाट गुंडाळावे. त्या दिवसांत पाणी दोनदा लागेल, आणि ते दोनदा देण्याची सवय पाऊस आल्यावर लगेच मोडावी लागेल.

कुठे थांबावे, कोणाला बोलवावे

खोड मातीलगत काळे आणि बोटाने दबण्याइतके मऊ झाले असेल, तर ते झाड वाचत नाही. वरची हिरवी फांदी मिळाल्यास छाट कलम लावावे आणि जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये. आठवडाभरात एकामागून एक सात-आठ भांडी याच लक्षणांनी गेली, तर दुकानातून अंदाजाने औषधे आणू नयेत. मुळांसकट एक आजारी झाड पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात दाखवावे.

सिमेंटच्या जुन्या पत्र्याला किंवा पाइपाला भोक पाडू नये. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांत कायमची बसते. रसायनांचे किंवा कीटकनाशकांचे पिंप कितीही धुतले तरी भाजीसाठी वापरू नये.

सर्वांत गंभीर बाब वजनाची आहे. ओली माती लिटरला दीड किलोहून अधिक भरते, म्हणजे दोनशे लिटरच्या पिंपाचा अर्धा भाग मातीने भरला की दीडशे किलोंच्या पुढे जातो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकांत धरलेला भार एका चौरस मीटरला साधारण इतकाच आहे. निचरा बंद झालेल्या भांड्यांनी भरलेली गच्ची म्हणूनच नुसती बागेची अडचण नसते. खालच्या मजल्याच्या छतावर ओल उमटली, गॅलरीच्या कठड्यापाशी किंवा भिंतीच्या सांध्यात भेग दिसली, प्लास्टर सुटून गंजलेली सळई उघडी पडली, तर बागकाम त्या क्षणी थांबवावे. वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे आणि सोसायटीला लेखी कळवावे. तो येईपर्यंत गॅलरीतली भांडी उतरवावीत. जी उतरवणे शक्य नाही ती बाहेरच्या कडेपासून इमारतीच्या भिंतीकडे सरकवावीत, आणि कठड्याला टांगलेल्या किटल्या व डबे सर्वांत आधी घरात घ्यावेत.